छातीतली कळ आणि गॅसची गोळी

शबे-बरात होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या गल्लीतला एक मुलगा, वय १९, कधीकाळी आमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, दुपारच्या वेळी पलंगावर पडून मोबाईल बघत होता. ना ओझे उचलले, ना धावला, ना कुठे पडला. अचानक उजव्या बाजूला छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली. कळ खांद्यापर्यंत गेली. श्वास पूर्ण घेतला की दुखणे वाढायचे, म्हणून तो अर्धा अर्धा श्वास घेऊ लागला. त्याची अम्मी धावत आमच्या दारात आली. "सर, जरा देखो ना, छाती में दुखता बोलरा."

आम्ही गेलो, बघितले आणि निदान करून टाकले. शबे-बरातचे रात्रभर जागरण, मग रोजा, वरून फ्रीजमधला चण्याच्या डाळीचा हलवा. गॅस! दुसरे काय असणार? ओवा चघळायला दिला, मेडिकलवरून गॅसची गोळी आणवली, पाठीला तेल चोळायला सांगितले. शिक्षक माणसाला गावात असे निदान करायची सवय लागते, कारण लोक विचारतात आणि "माहीत नाही" म्हणायला जीभ वळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुखणे खरोखरच कमी झाले. आमचा ओवा लागू पडला म्हणून आम्ही खूष. मुलगा मात्र जिना चढून गच्चीवर गेला आणि वर बसूनच राहिला. दम लागतोय म्हणाला. जागरणाचा थकवा असेल, असे घरातल्यांनी ठरवले. तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजला मशिदीत जाताना तो वाटेत दोनदा थांबला, तेव्हा कुठे त्याच्या अब्बांना संशय आला. वसमतला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवली. डाव्या बाजूला फुप्फुसाच्या बारीक रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या कडेपर्यंत गेलेल्या होत्या. उजव्या बाजूला कडेचा भाग नुसता काळा होता, एकही रेषा नाही, आणि फुप्फुस आतल्या बाजूला ओल्या फडक्यासारखे गोळा होऊन बसले होते. "हवा आहे ही," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसातून गळून बाहेर साचली आहे. ताबडतोब नांदेडला न्या."

शिरड शहापूर हे आमचे गाव मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे दूरवर ओळखले जाते. जवळच औंढा नागनाथ, इकडे वसमत आणि तिथली हळद. छातीत नळी घालायची म्हणजे मात्र नांदेड, परभणी किंवा हिंगोली गाठावे लागते. त्या जीपमध्ये आम्हीही होतो. वसमत ते नांदेड एरवी गप्पांत संपणारा रस्ता त्या दिवशी संपेना. मुलगा बसून होता, आडवा होऊ शकत नव्हता, आणि आमच्या डोक्यात एकच विचार होता की दोन दिवस वाया घालवले ते आम्ही. मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. नाव लिहीत नाही.

आता हे नेमके होते काय, ते वर्गात सांगतो तसे सांगू. फुप्फुस हे स्नायूचे नाही, ते स्वतःहून फुगत नाही. छातीच्या पिंजऱ्याला आतून एक पातळ पडदा असतो आणि फुप्फुसावर दुसरा. दोन्हींच्या मध्ये ओलाव्यापुरते पाणी असते आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की चिकटून सरकतात पण सुटत नाहीत, तसे हे पडदे एकमेकांना धरून असतात. बरगड्या पसरल्या की फुप्फुस त्यांच्यामागे ओढले जाते आणि नाकातून हवा आत येते. फुप्फुसाला मात्र मुळात रबरासारखे आकसायचे असते. त्याच्या पृष्ठभागाला बारीक भोक पडले की आतली हवा दोन पडद्यांच्या मध्ये शिरते, पकड सुटते आणि फुप्फुस आकसून जाते. डॉक्टर याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हा शब्द तयार झाला आणि स्टेथोस्कोपचे जनक डॉ. लेनेक यांनी १८१९ साली त्याची लक्षणे नीट लिहून ठेवली.

धडधाकट मुलाच्या फुप्फुसाला भोक पडतेच कसे, हा प्रश्न त्याच्या अब्बांनी नांदेडला तीन वेळा विचारला. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला काहींच्या पृष्ठभागावर बारीक फोड असतात, भिंतीच्या रंगाला ओल लागून फुगे येतात तसे. फुप्फुसाच्या टोकावर ओढ जास्त असते, आणि उंच माणसात ती आणखी जास्त. म्हणून हा आजार बहुधा १५ ते ३५ वयाच्या उंच, सडपातळ मुलांना गाठतो. आमचा विद्यार्थी सहा फुटांचा आहे आणि वजनाचा काटा त्याच्यासाठी जेमतेम हलतो. अमेरिकेतला नामवंत बास्केटबॉलपटू सीजे मॅकॉलम याचे उजवे फुप्फुस डिसेंबर २०२१ मध्ये असेच आकसले आणि बरे होऊन खेळायला लागल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच घडले. इतक्या तयारीच्या खेळाडूला होते, तर आमच्या पोराने कोणते पाप केले होते असे त्याच्या दादीने विचारायचे कारण नव्हते. आणि हो, फोड फुटायला जोर लागत नाही. बहुतेकांना हे बसल्या-झोपल्या जागी होते. "काही केलेच नाही तर दुखेल कशाला" हे आमचे गणित इथेच चुकले.

दुसरी चूक अधिक महागाची होती. दुखणे कमी झाले की आजार कमी झाला, असे आपण धरून चालतो. या आजारात कळ पुष्कळदा एका दिवसात आपोआप मंदावते आणि फुप्फुस मात्र आकसलेलेच राहते. जे उरते ते म्हणजे दम लागणे, आणि तरुण मुलाचे एक फुप्फुस धड असते म्हणून तो तेही काही काळ रेटून नेतो. म्हणून वाचकांच्या घरात कोणाला एका बाजूला अचानक कळ आली, श्वासाबरोबर ती वाढत असली आणि थोडाही दम लागत असला, तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढावा. कळ थांबली असली तरी काढावा. तो साधा असतो, स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत दुखले तर सोबत ईसीजीही लगेच, कारण तिथे हृदयाचा झटकाही असू शकतो. आणि ओठ निळसर पडले, नाडी फार जोरात पळू लागली, घाम फुटला, माणूस गळून जाऊ लागला, तर एक्स-रेची वाट न बघता १०८ ला फोन करावा. कधीकधी भोक झडपेसारखे वागते, हवा आत जाते पण परत येत नाही, आणि साचलेली हवा हृदयालाही दाबू लागते. तेव्हा मिनिटे मोजावी लागतात, आणि डॉक्टर छातीत सुई घालून आधी ती हवा मोकळी करतात.

नांदेडला संध्याकाळी मुलाच्या काखेच्या खाली, बरगड्यांच्या मधून, भूल देऊन एक नळी घातली. करंगळीपेक्षा बारीक. नळीचे दुसरे टोक पलंगाखाली ठेवलेल्या बाटलीत पाण्याखाली बुडवलेले. मुलगा खोकला की बाटलीत बुडबुडे यायचे. अम्मी ते बुडबुडे बघून रडायची, तिला वाटायचे पोराचा जीवच बाटलीत उतरतोय. आम्ही तिला पंक्चरवाल्याची आठवण करून दिली. सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली की जिथे भोक तिथून बुडबुडे येतात. इथेही तेच आहे. बुडबुडे येताहेत म्हणजे साचलेली हवा बाहेर पडते आहे, आणि पाणी आडवे असल्यामुळे बाहेरची हवा नळीतून आत जाऊ शकत नाही. बुडबुडे थांबले आणि एक्स-रेत फुप्फुस कडेपर्यंत फुगलेले दिसले की भोक बुजले. ही पाण्याच्या बाटलीची युक्ती हॅम्बर्गच्या डॉ. गोटहार्ड ब्यूलाऊ यांची. १९व्या शतकात त्यांनी ती छातीतला पू काढण्यासाठी वापरली आणि आजवर तिच्याहून सोपे काही निघालेले नाही.

त्या बाटलीपायी आम्ही सिस्टरची बोलणीही खाल्ली. मुलगा वजूला उठला तेव्हा त्याच्या चाचांनी बाटली उचलून छातीइतकी वर धरली, सांडू नये म्हणून. बाटली नेहमी छातीच्या खाली हवी. वर गेली तर पाणी उलटे छातीत ओढले जाऊ शकते. नळीला चिमटा लावणे, नळीवर झोपणे, भेटायला आलेल्या मुलांनी बाटलीला पाय लावणे, यातले काहीही परवडत नाही. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणे हे सवाबचे काम, त्यामुळे त्या पलंगाभोवती दोन दिवस शिरड शहापूर उभे होते. भेटीला जरूर जावे, पण दुआ करून निघावे आणि बाटलीपासून दूर उभे राहावे.

प्रत्येकाला नळी लागतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. हवा थोडी असेल आणि दम लागत नसेल तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात आणि शरीर ती हवा हळूहळू शोषून घेते. ऑक्सिजन दिला तर शोषण लवकर होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच असा त्रास झालेल्या, बाकी धडधाकट रुग्णांपैकी पुष्कळांना नळीशिवायही बरे वाटले, असे त्यात दिसले. पण हे ठरवायचे ते डॉक्टरने, एक्स-रे समोर ठेवून. "अमुक अभ्यासात नळी लागत नाही म्हणतात" असे सांगत कोणी घरी बसू नये.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एका नातेवाईकाने हळूच विचारले, हिजामा करून घेतला असता तर हवा निघाली नसती का? प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा आम्ही हसण्यावारी नेली नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. १५व्या शतकात तुर्कस्तानातल्या अमासिया शहरात शरफुद्दीन साबुनजुओग्लू नावाचे जर्राह होऊन गेले. इस्तंबूल जिंकणाऱ्या सुलतान मुहम्मद फातिह यांच्या काळात, १४६५ साली, त्यांनी शस्त्रक्रियेवर सचित्र ग्रंथ लिहिला. त्याला आधार होता कुर्तुब्याच्या अबुल कासिम अझ-झहरावी यांच्या ग्रंथाचा. बरगडी मोडल्यावर दम लागणाऱ्या रुग्णाला शोषक उपकरण लावण्याची पद्धत त्यात आहे, आणि आजचे तुर्की सर्जन त्या वर्णनाचा अर्थ छातीत साचलेली हवा काढणे असा लावतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान सर्जनने या दिशेने विचार केला होता याचा अभिमान वाटतो. पण तो त्या काळचा सर्वांत पुढचा वैद्य होता, आणि आज तो असता तर त्याने एक्स-रे मागितला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हिजामाचा कप कातडीवर बसतो, हवा असते ती बरगड्यांच्या आत. कपाने ती बाहेर येत नाही. छातीवर किंवा पाठीवर खोल सुया टोचणाऱ्याच्या हातून तर उलट फुप्फुसालाच भोक पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. छातीत कळ असताना कप, सुया, डाग, मालिश यातले काही नको.

मानेत शिरलेली हवा

या आजाराचे एक चुलत भावंड आहे आणि ते घरात ओळखणे आणखी अवघड. यात भोक फुप्फुसाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडत नाही, आत खोलवर एखादा हवेचा कोश फुटतो. ती हवा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मागे सरकत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाभोवती येते आणि तिथून वर चढून मानेच्या कातडीखाली पसरते. डॉक्टर याला न्यूमोमेडियास्टिनम म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. लुई हॅमन यांनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्या नावानेही ते ओळखले जाते. हवेचा हा रस्ता कसा असतो ते कॅनडाचे डॉ. मॅकलिन यांनी दाखवून दिले.

ओळख अशी. छातीच्या मधोमध दुखते, गिळताना त्रास होतो, आवाज नाकातून आल्यासारखा होतो, मान किंवा गाल सुजल्यासारखे दिसतात. सुजेवर बोट दाबले तर कुरमुऱ्यांच्या पिशवीवर दाबल्यासारखे करकरते. ही करकर दुसऱ्या कोणत्याही साध्या सुजेत येत नाही. घरची मंडळी याला गालगुंड किंवा टॉन्सिल समजतात, किंवा एखाद्या औषधाची अॅलर्जी.

हे होते ते श्वास रोखून जोर लावल्याने. दम्याचा जोराचा झटका, थांबता न थांबणारा खोकला, उलट्या, जड ओझे उचलणे, आणि बाळंतपण. १७व्या शतकात फ्रान्सच्या राणीची सुईण लुईज बूर्जवा हिने बाळंतिणीचा गळा असा सुजू शकतो हे टिपून ठेवले होते. आजारावर डॉक्टरांची नावे लागली, पण ते आधी पाहिले एका सुईणीने. आपल्याकडे पहिलटकरणीला तासन्‌तास "जोर लाव, जोर लाव" करणाऱ्या बायका अजून आहेत. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे याची कारणे पुष्कळ आहेत, हे त्यातले एक लहानसे. बाळंतिणीच्या मानेवर अशी करकरणारी सूज दिसली तर घाबरून जाऊ नये, पण डॉक्टरला लगेच दाखवावी.

दिलासा असा की धडधाकट तरुण माणसात ही मानेतली हवा बहुतेक वेळा विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्यांवर काही दिवसांत जिरून जाते. पण जोराच्या उलट्यांनंतर छातीत असह्य दुखू लागले आणि मानेत अशी सूज आली तर अन्ननलिका फाटलेली असू शकते, आणि ती जिवावरची गोष्ट आहे. दोन्हींतला फरक घरी कळत नाही.

कोरोनाच्या काळात, विशेषतः २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, डॉक्टरांनी हे दोन्ही प्रकार एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाहिले. सुजलेली, कडक झालेली फुप्फुसे खोकल्याच्या जोराने फाटत होती, कधी व्हेंटिलेटरच्या दाबाने तर कधी व्हेंटिलेटर नसतानाही. "चेहरा फुग्यासारखा झाला होता" असे आपल्या माणसाबद्दल सांगणाऱ्या घरांना तेव्हा कोणी समजावून सांगितले नसेल, तर ते बहुधा हेच होते.

दम्याचा विषय निघाला आहे तर रमजानबद्दल एक बोलून घेऊ. रोजा तुटेल म्हणून इन्हेलर बंद ठेवणारी माणसे आमच्या ओळखीत आहेत. इन्हेलरने रोजा तुटतो की नाही यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत, ते आपण आपल्या आलिमला विचारावे. पण आजारी माणसाला रोजे पुढे ढकलून दुसऱ्या दिवसांत मोजणी पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकराहमध्ये, आहे. त्या सवलतीकडे पाठ फिरवून दिवसभर शिट्टीसारखा श्वास घेत बसणे, हे अल्लाहने आपल्याकडे मागितलेले नाही. डॉक्टरला विचारून सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसेल असे औषध ठरवून घेता येते. ते शाबानमध्येच ठरवावे.

वर सांगितलेला न्यूमोथोरॅक्स म्हाताऱ्या किंवा आधीच खराब फुप्फुसात झाला तर तो जास्त धोक्याचा असतो, कारण तिथे रेटून न्यायला शिल्लक काही नसते. आपल्या देशात अशा खराब फुप्फुसामागे पुष्कळदा क्षयरोग असतो, आजचा किंवा वीस वर्षांपूर्वीचा. गंमत अशी की एकेकाळी क्षयावर इलाज म्हणून डॉक्टर मुद्दाम छातीत हवा भरत. इटलीचे डॉ. कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये ही कल्पना मांडली. फुप्फुस आकसले की त्याला विश्रांती मिळते आणि जखम भरते, असा विचार. औषधे निघाली आणि ती पद्धत मागे पडली. आता दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधे मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये निक्षय योजनेतून खात्यावर येतात. मुलीचे लग्न मोडेल म्हणून तिचा क्षय लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या मुलीचे काय होते, तेही पाहिले आहे.

आणि चूल. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसांनाही श्वासनलिकांचा जुनाट आजार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ठळकपणे मांडले. त्यात मोठा वाटा घरातल्या धुराचा. गॅस महाग पडतो म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल ठेवणाऱ्या आपल्या आया-खालांची फुप्फुसे चाळीस वर्षे तो धूर पीत आलेली असतात.

पुन्हा नांदेडच्या वॉर्डात जाऊ. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी अब्बांना बाहेर पाठवले आणि मुलाला विचारले, सिगारेट किती? आम्ही खोलीतच होतो, आम्हाला बाहेर पाठवायला ते विसरले. मुलगा आमच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "दिवसाला सात-आठ. दहावीपासून." म्हणजे आमच्या वर्गात असल्यापासून. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ती द्यायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवतो, आणि शिकवताना खिडकीतून टपरी दिसते. १९८७ साली स्टॉकहोममधल्या डॉक्टरांनी मोजून पाहिले. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्या पुरुषांमध्ये हा आजार २२ पट आणि स्त्रियांमध्ये ९ पट आढळला. उंची आपण बदलू शकत नाही. फोड जन्मासोबतच आले की नंतर, तेही आपल्या हातात नाही. सिगारेट होती.

त्याने डॉक्टरांना खरे सांगितले, त्यामुळे पुढचा सल्ला खरा मिळाला. एकदा असे झाले की साधारण तीनपैकी एकाला ते पुन्हा होते, बहुधा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, आणि सिगारेट चालू ठेवली तर शक्यता वाढते. दुसऱ्यांदा झाले तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ते फोड काढतात आणि फुप्फुसाचा पडदा छातीच्या भिंतीला चिकटेल असे करतात. मग पुन्हा होण्याची भीती फारच थोडी राहते. घरात मुलगा जे लपवतो ते अनेकदा बापाच्या हाताच्या भीतीने लपवतो. अब्बांना कोणी सांगायचे, यावर आमची वॉर्डाच्या जिन्यात बरीच चर्चा झाली. शेवटी त्यानेच सांगितले. अब्बा काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि असरची नमाज पढून परत आले. येताना त्याच्यासाठी शहाळे आणले.

खर्चाबद्दल थोडे. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणी आणि हिंगोलीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. खासगी दवाखान्यात जायचेच असेल तर तो महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे दारातच विचारावे. अशा दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरातून निघतानाच सोबत घ्यावे. आमच्या जीपमध्ये उशी होती, डबा होता, जानमाज होती, रेशनकार्ड नव्हते. ते आणायला चाचा रात्री परत आले.

राहिली उमराहची गोष्ट. मुलगा अम्मीला घेऊन रमजानमध्ये उमराहला जाणार होता. सहाव्या दिवशी नळी निघाली, शेवटचा एक्स-रे चांगला आला, रमजानला चार-पाच दिवस होते आणि विमान तिसऱ्या रोजाला. घरात सगळ्यांना वाटले, अल्लाहने अगदी वेळेवर बरे केले. डॉक्टर नाही म्हणाले. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीइतका नसतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. दाब कमी झाला की हवा पसरते. बॉइलचा नियम हाच. आठ हजार फुटांवर बंद जागेतली हवा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. छातीत थोडीशी जरी हवा उरली असेल तर ती तिथे, अरबी समुद्रावर, फुगणार. म्हणून एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेले दिसल्यावरही किमान एक आठवडा विमान टाळायला सांगतात. आमच्या डॉक्टरांना तर आठवड्याने आणखी एक एक्स-रे काढून मगच तो आठवडा मोजायचा होता.

घरात वादळ झाले. एक खाला म्हणाल्या, तिथून बोलावणे आले आहे, तुम्ही कोण थांबवणारे? एजंट म्हणाला, तारीख बदलली तर निम्मे पैसे बुडतील. अम्मी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. बारा वर्षे शिवणकामातून साठवलेले पैसे होते तिचे. आम्हाला पुन्हा बोलावले गेले, या वेळी निदान करायला नाही, बॉइलचा नियम सांगायला. फुगा आणि पिचकारी घेऊन गेलो. पिचकारीत इवलासा फुगलेला फुगा ठेवला, तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढला. फुगा मोठा झाला. अम्मीने तो प्रयोग तीनदा करायला लावला आणि मग म्हणाली, "जाने दो सर, कॅन्सल करो."

पैसे बुडाले, पण निम्मे नाही, त्याहून थोडे कमी. मायलेक रबीउल अव्वलमध्ये जाऊन आले. जाण्याआधी काढलेल्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना फांद्या कडेपर्यंत होत्या. मुलगा सिगारेट सोडली म्हणतो. त्याची अम्मी रोज त्याच्या शर्टाचा वास घेते, आणि आमच्याकडे छातीत दुखते म्हणून कोणी आले तर आम्ही आधी वसमतच्या गाडीची वेळ सांगतो.